एका जोडखुर्चीची उजवी बाजू

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी जुनी आहे, मी जोडखुर्ची आहे आणि मी वैतागलेली आहे. जुने होणे कोणालाच चुकलेले नाही आणि जोडखुर्ची तर मी जन्मापासूनची. वैतागायला मात्र मला एका माणसाने लावले. त्यांना सगळे ऑपरेटर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

जोडखुर्ची म्हणजे काय, हे तुम्हांला कुठून ठाऊक असणार! दोन बैठका, दोन पाठी, मधे दोघांत मिळून एकच हात आणि खाली ओतीव लोखंडाचे पाय. बसलेला माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते आणि पाठीवर आपटते. खाड्! स्वतःच्याच पाठीत असा रोज धपाटा घालून घेणारे दुसरे कोणी तुमच्या पाहण्यात आहे का?

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने माझ्या हाताला तीनदा पॉलिश केले, बैठकांवर लाल रेक्झिन चढवले आणि चार पावले मागे जाऊन म्हणाला, "राणी दिसतेय राणी!" मग एका थिएटरच्या बाल्कनीत, अगदी शेवटच्या रांगेत, बोल्ट मारून मला जमिनीला जखडले. राणीला असे जखडून ठेवतात का? पण विचारणार कोणाला.

लोकांनी मला काय काय केले ते ऐका. कोणी च्युइंगम चावून चावून माझ्या पोटाखाली चिकटवले. कोणी कर्कटकाने पाठीवर आपले नाव कोरले, तेही चुकीचे, मग खोडून पुन्हा कोरले. मधल्या हातावरून तर रोज लढाई. हात एक आणि कोपरे दोन! तरी खोटे कशाला बोलू, ते दिवस झकास होते. अख्खी बाल्कनी एकदम हसली की माझ्या लाकडापर्यंत ते हसू पोचत असे. हसण्यातले मला बरेच कळते. खरा हसणारा माणूस मागे रेलतो, सगळे वजन पाठीवर टाकतो. उगाच हसणारा नुसते खांदे हलवतो. इतकी वर्षे पाठ दिली आहे मी, मला कोण फसवणार?

माझ्या मागे भिंत होती आणि त्या भिंतीत वर काचेच्या दोन छोट्या खिडक्या. त्यांच्यामागे ऑपरेटरांची केबिन. पडद्यावर जाणारा उजेडाचा झोत तिथूनच निघे. तेव्हा सिनेमा रिळांवर येत असे. एक रीळ साधारण वीस मिनिटांचे. केबिनमध्ये दोन मशिने. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. तो दिसला की दुसरे मशीन सुरू करायचे. काही सेकंदांनी पुन्हा ठिपका. तो दिसला की पहिले झटकन बंद आणि दुसऱ्याचे चित्र पडद्यावर. बदल झाला हे प्रेक्षकांना कळतासुद्धा कामा नये. प्रेक्षकांना तो ठिपका कधी दिसला नाही आणि ऑपरेटरांना ठिपक्याशिवाय दुसरे काही दिसले नाही. सिनेमाच्या धंद्यात जन्म गेला, पण या गृहस्थांनी एक सिनेमा धड पाहिला असेल तर शपथ!

एका वर्षी आमच्याकडे एक विनोदी सिनेमा लागला. एका घरमालकाकडे एक पाहुणा दोन दिवसांसाठी येतो आणि जायचे नावच घेत नाही, एवढीच गोष्ट. पंचवीस आठवडे चालला, रोज तीन खेळ. त्यात एक जागा अशी होती की थिएटरचे छप्पर उडायचे बाकी राही. आता दुर्दैव पाहा, ती जागा नेमकी तिसरे रीळ संपून चौथे सुरू होते तिथे होती. घरमालक घंटी वाजवतो आणि तिसरे रीळ संपते. दार उघडते आणि चौथे सुरू होते. त्या क्षणी ऑपरेटर काय करत असत? बंद केलेल्या मशीनचा दिवा विझवून, पडद्याकडे पाठ करून, तापलेले रीळ उतरवत असत. केबिनमधला छोटा स्पीकर कधीच बिघडून मुका झालेला आणि मशिनांची घरघर एवढी की शेजारी ढोल वाजला तरी कळू नये. भिंतीतून आत पोचे तो फक्त लोकांच्या हसण्याचा गडगडाट. म्हणजे त्यांच्या लेखी एवढेच घडे: आपण मशीन बदलले आणि लोक हसले.

पहिल्याच दिवशी खेळ सुटल्यावर ते धावत बाल्कनीत आले. अंधारात लोकांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवणारा बॅटरीवाला माझ्याशेजारीच उभा होता.

"कुठे चुकलं रे?" ऑपरेटरांनी विचारले.

"काय चुकलं?"

"तिसऱ्या रिळाला. पब्लिक हसलं ना! चित्र उडालं का?"

"छे हो. विनोद होता तिथे. मीपण हसलो."

"मला नको शिकवू. मी बदललं की बरोबर त्याच सेकंदाला हसतात. विनोद काय माझ्या हाताची वाट बघत थांबतो?"

चोराच्या मनात चांदणे म्हणतात. इथे चोरी न करताच चांदणे पडले! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कधी एक निमिष आधी मशीन बदलून पाहिले, कधी एक निमिष नंतर. लोक हसायचे ते हसलेच. पंचवीस आठवडे, रोज तीनदा, हा भला माणूस वर भिंतीआड मान खाली घालून उभा राहिला, की खाली लोक आपल्या कामाला हसत आहेत. आणि मला सगळे ठाऊक असून मी मूग गिळून बसलेली. खुर्चीला तोंड नसते, मित्रांनो, हाच तर वैताग आहे.

तो विनोद काय होता? सांगेन, सांगेन. आत्ता सांगितला तर शिळा होईल.

ऑपरेटरांची बायको थिएटरच्या मागच्या गल्लीत कपडे शिवायची. टेलरबाई म्हणून सगळे ओळखत. थिएटरच्या माणसांना महिन्यातून एकदा दोघांचा पास मिळे. टेलरबाई त्या पासावर एकट्याच येत आणि माझ्या डाव्या बैठकीवर बसत. उजव्या बैठकीवर त्यांची कापडाच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी. शेजारचा नवरा डोक्यावर, भिंतीपलीकडे! मध्यंतरात त्या मान वळवून काचेच्या खिडकीकडे पाहत. खिडकीत कोणी नसे, कारण आतला माणूस पुढची रिळे लावत असे. मग त्या पिशवी सरळ करून ठेवत आणि पुढचा सिनेमा बघत.

पुढे थिएटर बंद पडले. माझ्यावर बोटभर धूळ साचली आणि उंदरांनी डावीकडचा काथ्या पळवला. मालकांनी निरोपाच्या दिवशी ऑपरेटरांना सांगितले, "आठवण म्हणून काय हवं ते घेऊन जा." ऑपरेटर सरळ बाल्कनीत आले, पाना घेऊन गुडघ्यांवर बसले आणि माझे बोल्ट काढू लागले. जाताना थिएटरात खेळ सुरू होताना आणि मध्यंतराला वाजायची ती पितळी घंटीही बगलेत मारली. मित्रांनो, मला गहिवरून आले. वाटले, सुटले एकदाची! आता हा माणूस बसेल.

कसला बसतोय.

घरी टेलरबाईंनी काथ्या भरून माझी पोटदुखी दूर केली आणि निळ्या चौकड्यांची खोळ शिवून बैठकांना घट्ट बांधली. त्यांनीही दुकान आवरले होते. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते, "गोळी घ्याच, पण दोघं मिळून जरा मजाही करा. पुस्तकं वाचा, गाणी ऐका, विनोदी सिनेमे बघा. आता नाही तर कधी?" टेलरबाईंनी ते मनावर घेतले. डाव्या बैठकीवर बसून, उजवीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "अहो, मला तुमच्याकडून साडी नको, दागिना नको. एक अख्खा सिनेमा शेजारी बसून बघायचाय. हसत. इतकी वर्षं पिशवी बसली इथे."

"हात्तिच्या, त्यात काय!" ऑपरेटर म्हणाले.

पहिल्यांदा पुस्तके झाली. टेलरबाईंनी वाचनालयातून दोन विनोदी कादंबऱ्या आणल्या. ऑपरेटर मोठ्याने वाचून दाखवू लागले. वीस पाने झाली की पहिली मिटायची आणि ताबडतोब दुसरी उघडायची! मधे श्वाससुद्धा नाही.

"थांबा, थांबा," टेलरबाई म्हणाल्या, "मामा आत्ता लग्नाच्या मांडवात होता ना? बोटीवर कधी चढला?"

"हे दुसरं पुस्तक आहे."

"मग पहिल्याचं काय झालं?"

"ते वीस पानांनी येईल परत."

टेलरबाईंनी कपाळावर हात मारला. मग गाणी. गायिकेने तान घ्यायला सुरुवात केली की यांचा हात आवाजाच्या बटणाकडे, "स्पीकर फाटेल." ऐन तान जिथे रंगायची तिथे नुसती कुजबुज! टेलरबाई म्हणायच्या, "ती बाई दम लावून गातेय आणि तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवताय."

आणि सिनेमा? त्याची तर कथाच सांगायला नको. दुपारी बरोबर तीनला खेळ. ऑपरेटर पडदे ओढणार, घंटी वाजवणार, "दारं लावा!" म्हणून ओरडणार. घरात माणसे दोन, दारे कोणासाठी लावायची? मग टीव्ही लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहणार. टेलरबाईंनी चारदा हाक मारली की येऊन बसणार, तेही टोकावर. डोळे सिनेमावर नाहीतच, कोपऱ्यावर. लेकीने आणून दिलेल्या त्या जुन्या सिनेमांवर ठिपके होते तसेच राहिले होते. ठिपका आला की हे ताडकन उभे. खाड्! दोन पावले टीव्हीकडे जाऊन, हात पुढे करून थांबणार आणि मग आपल्याच हाताकडे बघत परत येणार.

"दुसरं मशीन कुठे आहे घरात?" टेलरबाई विचारत.

"सवय गं. पुढच्या वेळी नाही उठणार."

पुढच्या वेळी खाड्! तासाला तीनदा खाड्! मध्यंतर तर असे काटेकोर, की नायक वाक्याच्या मधे तोंड उघडे ठेवून दहा मिनिटे तसाच. टेलरबाई समजावून थकल्या, रागावून थकल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेजारी माणूस आणूनही त्यांची उजवी बाजू रिकामीच राहिली आणि डॉक्टरांनी सांगितलेले हसू राहिले बाजूला, उलट रक्तदाब चढू लागला.

एका बुधवारी लेक आली होती. तिच्यासमोरच तीनदा खाड् झाले.

"आई, या धुडाने खोली अडते तेवढीच," लेक म्हणाली. "बाबा बसत नाहीत आणि तू वैतागतेस. रविवारी भंगारवाला येणार आहे आमच्याकडे. पाठवून देऊ इकडे?"

धूड! मी! टेलरबाईंनी माझ्या खोळीची सुटलेली गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "पाठव. शनिवारी शेवटचा एक सिनेमा लावते. हे मधेच उठले, तर खुर्ची जाऊ दे. मी आपली आतल्या खोलीत एकटी फोनवर बघत जाईन. एकटीनं बघायची सवय आहे मला."

ऑपरेटरांनी हे ऐकले. पेपर वाचत असल्याचे दाखवत होते, पण पान उलटले नाही.

शनिवारी तीनला टेलरबाईंनी सिनेमा लावला आणि पहिलेच चित्र पाहून ऑपरेटर दचकले. तोच, पाहुण्याचा.

"हा नको," ते म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना. दुसरा कुठलाही लाव."

"अहो, किती छान आहे! मी पासावर पाहिला होता."

ऑपरेटर उभेच होते. मग एकदम बोलले, आणि इतक्या हळू, की मलाही कान द्यावा लागला. "यात मी रोज चुकायचो. तिसरं रीळ. बदललं की लोक हसायचे. पंचवीस आठवडे हसले मला. काय चुकायचं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. बाकी एकाही सिनेमात असं झालं नाही कधी."

टेलरबाईंनी सिनेमा थांबवला. "तिसरं रीळ म्हणजे, तो घंटी वाजवतो ते?"

"हो."

"अहो, तिथे तर मीपण हसले होते!"

"तूसुद्धा?" त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

"अहो, तसं नाही! तिथे विनोद आहे. तो दार उघडतो ना, आणि हा बॅगा घेऊन, आणि तो म्हणतो…" टेलरबाईंना पुढे बोलताच येईना. हसूच फुटले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा "तो म्हणतो"पाशी अडल्या, डोळ्यांतून पाणी.

"बघ," ऑपरेटर म्हणाले, "अजून हसतेस. समजूत नको काढू माझी."

टेलरबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि नवऱ्याकडे नीट पाहिले. "बसा इथे," त्या म्हणाल्या. हा आवाज मी आधी ऐकला नव्हता. ऑपरेटर बसले.

सिनेमा सुरू झाला. मशिनांनी ऑपरेटरांचे कान मंद केले होते, म्हणून टेलरबाईंनी आवाज मोठा ठेवला. पहिला ठिपका आला, हे उठले, खाड्, परत बसले. टेलरबाईंनी नुसती शिवणाची पिशवी मांडीवर ओढली. दुसरे रीळ संपताना पुन्हा खाड्. मी मनात म्हटले, झाले, निघा आता भंगारात. तेवढ्यात मला बारीकसे काही टोचले.

टेलरबाईंच्या हातात सुई होती. नजर टीव्हीकडे आणि हात खाली, आपोआप चालणारे. ऑपरेटरांच्या सदऱ्याची कड बैठकीवर पसरली होती. ती कड आणि माझी निळी खोळ, दोन्ही एकत्र धरून त्या झपाझप धावदोरा घालत होत्या. सुई कापडातून थेट माझ्या काथ्यात! दुखले, मित्रांनो. पण मी हूं की चूं केले नाही. ऑपरेटरांना पत्ताच नाही, ते कोपऱ्यावर डोळे रोवून बसलेले.

पडद्यावर तो घरमालक पाहुण्याला टाळायला गावाला जाण्याचे नाटक करून, बॅगा उचलून निघाला होता. दोन दिवसांनी, आता तरी पाहुणा गेला असेल म्हणून, तो दबक्या पावलांनी आपल्याच घराच्या पायऱ्या चढू लागला. किल्ली लावली तर लागेना, कुलूपच नवे! कोपऱ्यात ठिपका चमकला. ऑपरेटर उठले आणि अर्ध्यातच मागे खेचले जाऊन धप्पकन बसले.

"अगं! कशात अडकलं?"

"शिवलंय मी तुम्हांला. बसा."

"ठिपका आला!"

"येऊ दे. दुसरं मशीन मी चालू केलंय असं समजा. समोर बघा. कोपऱ्यात नाही हो, मधे!"

घरमालकाचे बोट दाराच्या घंटीवर पडले. दुसरा ठिपका आला आणि गेला. कोणी काही न करता चित्र बदलले. दार उघडले. दारात पाहुणा उभा. अंगात घरमालकाचा गाऊन, पायांत घरमालकाच्या सपाता, हातात घरमालकाचा चहाचा कप. त्याने घरमालकाला आणि त्याच्या बॅगांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले, कपाळाला आठी घातली आणि विचारले,

"किती दिवसांसाठी आलात?"

टेलरबाई खळखळून हसल्या. माझे सारे लक्ष उजवीकडे. तिथे काहीच हालचाल नाही. मग खांदे हलले, आणि मी म्हटले, उगाच हसतायत, बायकोसाठी. पण नाही. हळूहळू पाठ मागे आली, सगळे वजन माझ्यावर पडले, आणि ऑपरेटर हसू लागले. असे हसले की मधला हात कुरकुरला. थांबायचे, घरमालकाचा चेहरा बघायचे आणि पुन्हा हसायचे.

"म्हणजे याला हसायचे?" त्यांनी विचारले.

"यालाच."

"मला नाही?"

"तुमच्याकडे बघत कोण होतं हो?"

ऑपरेटरांनी डोळे पुसले. ते हसण्याचे पाणी होते की कशाचे, मला सांगता येणार नाही. एवढेच म्हणाले, "पंचवीस आठवडे बरोबर बदललं मी. एकदाही चुकलं नाही." टेलरबाईंनी मधल्या हातावर त्यांचा हात घट्ट धरला. त्या एका हातावर पहिल्यांदाच लढाई झाली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि ती पितळी घंटी घेऊन गेला. माझ्याकडे त्याने पाहिले, पण टेलरबाईंनी त्याला तिथे फिरकू दिले नाही.

तेव्हा मित्रांनो, खुर्च्यांवर नावे कोरू नका, च्युइंगम चिकटवू नका, हे सांगायलाच हवे. पण त्याहून एक मोठी गोष्ट सांगते. तुमच्या शेजारची जागा कोणी तुमच्यासाठी राखली असेल, तर पिशवीच्या भरवशावर राहू नका. जा आणि बसा. काम राहील, ठिपके येतील आणि जातील. नाहीतर एखाद्या खुर्चीला तुमच्यामुळे भर म्हातारपणी सुया टोचून घ्याव्या लागतील.

जाता जाता आणखी एक. टेलरबाईंना अजून वाटते की शनिवारी त्यांच्या शिलाईने ऑपरेटरांना धरून ठेवले. मला तोंड असते तर सांगितले असते. ते टाके कच्चे होते. कच्चा धागा दोन बोटांनी ओढला की सर्रकन निघतो, आणि टेलरबाईंच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला हे चांगले ठाऊक असते. त्या सिनेमात पुढे अजून तीनदा ठिपके आले. तिन्ही वेळा ऑपरेटरांचा हात त्या धाग्याकडे गेला, अजून आहे ना हे चाचपून पाहिले, आणि परत टेलरबाईंच्या हातात गेला.